पहिली चावी मालकाची

ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘मागचे मिस्त्री’ म्हणायचे, आणि नवीन माणसाला वाटायचं की याचं गॅरेज कुठल्या तरी मागच्या गल्लीत असणार. तसं नव्हतं. गॅरेज चांगलं मोठ्या रस्त्याला लागून होतं, दोन शटरचं. नाव पडलं होतं ते त्याच्या बसण्यावरून. गाडी तपासायला आली की हा पुढे बसायचाच नाही. चालवायचं मालकाने, आणि हा मागच्या सीटवर मधोमध, हात मांडीवर, डोळे मिटून. पुढे बसलं की नजर काट्यांवर जाते आणि मग जे दिसतं तेच ऐकू यायला लागतं, असं त्याचं म्हणणं होतं.

शिवाय मालकाचं तोंड चालू ठेवायचं. “सांगा,” एवढंच तो म्हणायचा. काय सांगू, असं कोणी विचारलं तर, “काहीही. गाडी घेतली तिथपासून.” लोक आधी गाडीबद्दल सांगायचे, मग इकडचं तिकडचं, आणि त्या इकडच्या तिकडच्यातच दुखणं सापडायचं. एका गृहस्थांनी गाडी सोडून वीस मिनिटं नव्या सुनेचं गाऱ्हाणं सांगितलं, आणि त्यातून निघालं की सूनबाई हँडब्रेक न सोडताच गाडी बाजारापर्यंत नेतात. गिअरबॉक्स ठणठणीत होता. सुनेचं काय झालं ते मिस्त्रीला माहीत नाही.

त्याचा दुसरा नियम होता, पहिली चावी मालकाची. काम पुरं झालं की इंजिन पहिल्यांदा सुरू करायचं ते मालकानेच, त्याआधी याने स्वतःसुद्धा नाही. शेजारचे मेकॅनिक हसायचे. आधी आपण सुरू करून बघावं, कुठे गळत असेल तर गुपचूप पुसून घ्यावं आणि मग मालकाला बोलवावं, ही जगाची रीत. हा म्हणायचा, “गळायचं असेल तर त्याच्यासमोर गळू दे. गाडी त्याची आहे.” त्याची बायको याला शुद्ध नाटक म्हणायची. ती तीस वर्षं इस्पितळात नर्स होती. पेशंटला बोलावून टाके उसवतात का ते त्याच्यासमोर बघणारा डॉक्टर आपण पाहिला नाही, असं ती चारचौघांत सांगायची. निवृत्त झाल्यावर घरी करमेना म्हणून ती गॅरेजमध्ये यायला लागली होती आणि महिन्याभरात तिथल्या प्रत्येक पान्याला जागा ठरवून मोकळी झाली होती.

हे दोन नियम मिस्त्रीने वर्षानुवर्षं पाळले. पहिला मोडला तो सख्ख्या बहिणीच्या गाडीपाशी.

ताई त्याच्याहून सात वर्षांनी मोठी, साठी उलटलेली. लहानपणीच्या तापात डावा पाय गेला तो गेलाच. जमिनीवर ती काठी घेऊन चालायची, तेही चार पावलं की थांबून. पण पाण्यात उतरली की बघत राहावं. ती पोहायला शिकवायची. मुलांना नाही, मुलं काय, ढकलली की शिकतात. ती शिकवायची पाण्याला घाबरणाऱ्या मोठ्या माणसांना. आठवड्यातून चार दिवस सकाळी सहाला शेजारच्या गावातल्या पोहण्याच्या तलावावर, म्हणजे जाऊन येऊन बेचाळीस किलोमीटर. तिथे बस धड जात नव्हती आणि तिला बसच्या पायऱ्या चढवत नव्हत्या.

म्हणून ती गाडी. एकोणीस वर्षांची, राखाडी रंगाची, बोजड एसयूव्ही. डाव्या पायाला क्लच दाबता येत नाही म्हणून ऑटोमॅटिक. आणि सीट बरोबर तिच्या कमरेच्या उंचीला. बुटक्या गाडीत तिला वाकून शिरावं लागायचं, आणि मग बाहेर काढायला कोणीतरी लागायचं. या गाडीत ती फक्त टेकायची, उजवा पाय आत, मग हाताने डावा उचलून आत, आणि दार बंद. कोणाचा हात नको. वडील तिला चौदाव्या वर्षापर्यंत उचलून शाळेत नेत, आणि तिला त्याची इतकी लाज वाटे की ती वर्गात पोचेपर्यंत डोळे उघडत नसे. ती उचलून घेण्याची गोष्ट घरात आजही कोणी काढायचं नाही, असा अलिखित कायदा होता.

दोन वर्षांपूर्वी मिस्त्रीने तो जवळजवळ मोडला होता. “ताई, आता पुरे झालं. गाडी म्हातारी झाली, तूही झालीस. विकून टाक. मी सोडत जाईन तुला.” त्याने अगदी मायेने म्हटलं होतं. ताई महिनाभर त्याच्याशी बोलली नाही.

आणि आता एका सकाळी ती गाडी घेऊन गॅरेजच्या दारात उभी राहिली. “जरा ओढत नाहीये,” एवढंच म्हणाली.

खरं तर मिस्त्रीने मागे बसायला हवं होतं. पण त्याला बसवेना. बहिणीची गाडी गेली असेल तर ते आपल्याला कळेल आणि मग तिला सांगावं लागेल, याची त्याला भीती वाटत होती, आणि घाबरलेला माणूस घाई करतो. “सरक, मी बघतो,” म्हणून तो स्वतः स्टिअरिंगवर बसला. ताई शेजारी बसून काहीतरी सांगायला लागली तर तो म्हणाला, “बोलू नकोस, ऐकू दे.” दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

गाडी दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी पुढे जायचीच नाही, आणि मग पाठीत गुद्दा बसावा तसा हिसका. साठच्या वेगाला सगळी गाडी थरथरायची. रिव्हर्स टाकला की तीन सेकंद विचार करून मागे यायची. त्याने गिअरबॉक्सच्या तेलाची डिपस्टिक काढून पाहिली. तेल लालभडक, स्वच्छ, पातळीही बरोबर. पुढे रेडिएटरच्या भांड्यातलं पाणी काठोकाठ. कॉम्प्युटर लावला, तर तोही तेच म्हणाला, तिसरा गिअर घसरतोय.

“किती दिवस होतंय?”

“झाले असतील आठ-दहा दिवस.”

आठ-दहा दिवस म्हणजे चार महिने. हे त्याने कुठल्याही गिऱ्हाइकाच्या तोंडून सहज ओळखलं असतं.

गिअरबॉक्सखालचं तेलाचं तबक काढलं तेव्हा उरलीसुरली शंका फिटली. ऑटोमॅटिकच्याही पोटात क्लच असतात, त्यांच्या पट्ट्यांचे काळे तुकडे आत पडले होते, अस्तर सोलून निघावं तसे. वयाने गेला, मिस्त्रीने ठरवलं. एकोणीस वर्षं म्हणजे काय कमी झाली? आता दुरुस्ती नाही, बदलायचाच.

पण त्या मॉडेलचे सुटे भाग मिळणं बंद होऊन जमाना झाला होता. मिस्त्रीने ओळखीपाळखीच्या सगळ्यांना फोन केले. शेवटी एका भंगारवाल्याकडे तशीच एक गाडी निघाली, मागून ट्रकने ठोकलेली. मागचा भाग चपटा, पुढचा शाबूत.

“एकच आहे, मिस्त्री,” भंगारवाला म्हणाला. “या जातीची ही शेवटची. हा बसला तर बसला. नाहीतर ताईंना म्हणावं, गाडीत झाडं लावा.”

मिस्त्रीने तो गिअरबॉक्स तिथेच, भंगाराच्या ढिगात गुडघ्यांवर बसून उघडून पाहिला. पट्ट्या जाड होत्या, तेल जुनं पण न जळलेलं. त्याला इतकं बरं वाटलं की भंगारवाल्याच्या कुत्र्यालाही त्याने थोपटलं, आणि ते कुत्रं काही थोपटण्यातलं नव्हतं.

तीन दिवस काम चाललं. गाडी लिफ्टवर घेतली, मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा सोडवला, एकेक बोल्ट काढून बायकोच्या हातात दिला. ती ते ट्रेमध्ये गाडीत असतात त्याच क्रमाने लावत होती, ऑपरेशनची हत्यारं लावावीत तसे. जुना गिअरबॉक्स जॅकवर खाली आला तो कोपऱ्यात गेला. एरवी तो जुन्याचा कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधलं ते परातीएवढं तेलाने भरलेलं लोखंडी भांडं, लगेच उपडं करून आतलं तेल बघायचा. या वेळी म्हणाला, “नंतर बघू. मेलेल्याची नाडी काय बघायची?” बायकोने भुवया उंचावल्या.

नव्याचा कन्व्हर्टर बसवताना मात्र त्याने श्वास रोखून धरला. तो फिरवत फिरवत आत सरकवायचा असतो आणि तीन वेळा ‘टक’ ऐकू यावं लागतं. दोनच टक ऐकून बोल्ट आवळले तर आतला पंप फुटतो आणि नवा गिअरबॉक्स सुरू व्हायच्या आधीच संपतो. एक टक आला. दुसरा आला. तिसरा येईना. मिस्त्री पाच मिनिटं ते भांडं फिरवत राहिला, घाम नाकावरून टपकत होता. मग तिसरा टक आला, आणि बायकोने हळूच “पोर झालं” म्हटलं.

चौथ्या दिवशी दहाच्या सुमाराला ताई आली. तिकडे तलावावर एकसष्ट वर्षांच्या एक बाई नुकत्याच कठडा सोडायला तयार झाल्या होत्या आणि ताईशिवाय दुसऱ्या कोणाचा हात धरायला तयार नव्हत्या, म्हणून तिला कालच गाडी हवी होती. बॉनेट उघडं होतं. नवं तेल भरलेलं, सगळे पाइप जोडलेले, फक्त चावी फिरवायची बाकी.

“बस,” मिस्त्री म्हणाला. “पहिली चावी मालकाची.”

ताई टेकली, उजवा पाय आत, डावा उचलून आत. चावी लावली. आणि मग पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिने भावजयीकडे दिली.

“अगं, एवढं पाणी घाल गं पुढे. आज विसरलेच होते.”

बायको बाटली घेऊन बॉनेटकडे निघाली.

“पुढे म्हणजे कुठे?” मिस्त्रीने विचारलं.

“रेडिएटरमध्ये. रोज घालते ना मी, अर्धी बाटली.” आणि तिचा हात चावीकडे गेला.

“हात काढ!”

मिस्त्री असा ओरडला की समोरचा टायरवाला दुकानातून बाहेर आला. ताईने चटका बसावा तसा हात मागे घेतला. मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

गाडीतलं पाणी रोज कमी होतं, आणि खाली कुठे एक थेंब सांडलेला नाही. मग ते जातं कुठे? या जुन्या गाड्यांमध्ये गिअरबॉक्सचं तेल थंड करायची नळी रेडिएटरच्या पोटातूनच जाते. बाहेर पाणी, आत तेल, मध्ये पातळ पत्रा. त्या पत्र्याला केसाएवढी चीर पडली की पाणी तेलात शिरतं. आणि क्लचच्या पट्ट्यांचा डिंक पाण्याने सुटतो, अस्तर सोलून निघतं. वयाने नव्हे, पाण्याने. एवढं कळायला त्याला चार दिवस लागले होते, आणि त्याच रेडिएटरला त्याने आपल्या हाताने नवा गिअरबॉक्स जोडून ठेवला होता. या जातीचा शेवटचा.

त्याने रेडिएटरचं झाकण काढून आत बोट घातलं. बोटाला गुलाबी, बुळबुळीत साय आली. मग कोपऱ्यातल्या जुन्या गिअरबॉक्सपाशी गेला आणि कन्व्हर्टर ट्रेमध्ये उपडा केला. लाल तेलामागून शेवटी घोटभर गुलाबी, दुधाळ काहीतरी गळलं. मेलेल्याची नाडी. बायको शेजारी उभी होती. तिला बोलायला चांगली संधी होती, पण तिने नुसता त्याला फडका दिला.

“पण तेल स्वच्छ कसं होतं?” तो स्वतःशीच पुटपुटला. “डिपस्टिकवर लालभडक तेल होतं.”

त्याने वळून पाहिलं. ताई समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होती, शाळेत पकडल्या गेलेल्या मुलीसारखी.

मिस्त्रीला आधी राग आला, जाम राग आला. मग त्याला आठवलं की आपण तिला काय म्हटलं होतं. बोलू नकोस, ऐकू दे.

त्याने हात पुसले, मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर मधोमध जाऊन बसला. गाडी बंद, बॉनेट उघडं, तशीच उभी. त्याने डोळे मिटले.

“सांग.”

“काय सांगू?”

“गाडी घेतली तिथपासून.”

ताईने चावी काढून मांडीवर ठेवली. मग बोलायला लागली. गाडी घेतली त्या पहिल्या दिवशी ती कुणालाही न सांगता एकटी तलावापर्यंत गेली होती, आणि तिथे उतरून, चार पावलं चालून, परत येऊन बसली होती. कशासाठी? काही नाही. कोणी आणलं नव्हतं आणि कोणी नेणार नव्हतं, एवढ्यासाठी. मग पोहण्याचे वर्ग. मग कोण कोण शिकलं ते. मिस्त्री ऐकत राहिला. मग गेल्या पावसाळ्यानंतर इंजिन किती तापलं ते दाखवणारा काटा एकदा वर चढलेला, तेव्हापासून पाणी घालायची सवय लागलेली. पाणी घातलं की काटा जागेवर. मग हिसके सुरू झाले.

“कधी?”

“चार महिने.”

“आणि तेल?”

“तुझ्याकडे यायच्या आधी पेट्रोल पंपाजवळच्या दुकानात बदलून घेतलं. मशीन लावून, सगळंच्या सगळं. ते गुलाबी झालं होतं रे. मला वाटलं, तू ते पाहिलंस की म्हणशील, ताई, तुला साधं तेलसुद्धा सांभाळता येत नाही.” ती थांबली. “आणि म्हणशील, विक.”

“म्हणालो असतो,” मिस्त्री म्हणाला.

“माहितीये मला.”

“मग दुखणं झाकून वैद्याकडे कशाला आलीस?”

“वैद्य भाऊ असला की झाकावंच लागतं.”

मिस्त्रीने डोळे उघडले. चाळीस वर्षं लोकांच्या गाड्यांचं ऐकून घेतलं, आणि हिच्या गाडीत हिलाच गप्प केलं. ही एवढीशी बाटली तिने आज पिशवीत विसरली असती तर? किंवा आपण दुसराही नियम मोडून सकाळीच चावी फिरवून घेतली असती तर? पण इंजिन फिरलं नव्हतं. पाणी जिथल्या तिथे होतं, तेल जिथल्या तिथे. हळूहळू त्याचा जीव भांड्यात पडला, आणि तो इतका पडला की त्याला हसूच फुटलं.

“हसतोस काय?”

“काही नाही. तू आयुष्यभर लोकांना पाण्यात उतरवलंस, आता गिअरबॉक्सलाही उतरवलंस.”

ताईने मागे वळून त्याच्या गुडघ्यावर एक चापट मारली. बॉनेटपाशी उभी असलेली बायको म्हणाली, “वन्सं, आणखी एक मारा, माझ्याकडून.”

खात्री मात्र त्याने करून घेतली. तेलाचे पाइप सोडवले, रेडिएटरमध्ये गरम पाणी भरून हातपंपाने दाब दिला आणि उघड्या नळीखाली कोरी बशी ठेवली. तिघंही बशीकडे बघत बसली. अर्ध्या तासाने एक थेंब पडला. मग दुसरा. इतका आनंद कोणाला गळती बघून झाला नसेल.

रेडिएटर नवा आला. शिवाय मिस्त्रीने गिअरबॉक्सच्या तेलासाठी वेगळा, छोटा कूलर पुढच्या जाळीमागे बसवला, आणि तेलाचे पाइप त्याला जोडले. “यांना आता एका घरात ठेवायचंच नाही,” तो म्हणाला. “भाऊबहीण वेगळे राहिले की गोडी राहते.” नळ्यांमधून हवा मारून मारून त्या कोरड्या केल्या. दोन दिवस गेले त्यात. एकसष्ट वर्षांच्या बाईंना ताईने फोनवर सांगितलं, कठडा धरून राहा, येतेच.

दोन दिवसांनी पुन्हा बॉनेट उघडं, पुन्हा ताई स्टिअरिंगवर. पिशवीत बाटली नव्हती. बायकोने दोन्ही हात कमरेवर ठेवले होते. मिस्त्री मागे बसला.

ताईने चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. तिने गिअर एकेक करून टाकून पाहिले, रिव्हर्सने विचार केला नाही, लगेच पकडला. त्याने उतरून तेलाची पातळी पाहिली, थोडं तेल वाढवलं, बॉनेट लावलं आणि पुन्हा मागे येऊन डोळे मिटले. “चल.”

मोठ्या रस्त्याला लागल्यावर तो वाट बघत राहिला. पहिल्यानंतर दुसरा पडला. आता तिसरा येईल, आता येईल, म्हणून त्याने सीटची कड घट्ट धरली. ताई बोलत होती. कोणी न विचारताच “सांगते” म्हणत तिने त्या एकसष्ट वर्षांच्या बाईंची गोष्ट सुरू केली होती, पाण्यात उतरल्या की त्या कशा मोठ्याने पाढे म्हणतात, सातावर कशा अडतात. मिस्त्री ऐकत राहिला. बऱ्याच वेळाने त्याच्या लक्षात आलं की सीटची कड त्याने कधीच सोडून दिली आहे. डोळे उघडले तर काटा पंच्याहत्तरवर. तिसरा कधी पडला ते त्याला कळलंच नव्हतं, चौथाही नाही.

त्याने डोळे पुन्हा मिटले, कारण ते भरून आले होते आणि समोर आरसा होता.

गावाबाहेरच्या पुलाला वळसा घालून गाडी परत गॅरेजपाशी आली. दारात मिस्त्रीची स्कूटर उभी होती, टाकी भरलेली, चावी त्याच्या खिशात. ताईने ब्रेक दाबला आणि तो उतरेल म्हणून थांबली. तो उतरला नाही.

“काय रे? अजून काही वाजतंय?”

“नाही,” मिस्त्री म्हणाला. “ताई, मला घरी सोडतेस?”

ताईने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वीचं वाक्य दोघांनाही आठवत होतं, पण तिने ते काढलं नाही. तिने भावजयीला हाक मारली, ती पुढे येऊन बसेपर्यंत थांबली, आणि गाडी गिअरमध्ये टाकली.

“सोडते. वाटेत ‘सरक, मी बघतो’ म्हणायचं नाही.”